गॅरेजात टू-पोस्ट लिफ्ट बसवायची आहे, पण कोब्यावर 'पोस्ट-टेन्शन'चा शिक्का आहे

तेलकट_हात

नमस्कार मंडळी,

मुक्काम फ्रिस्को, डॅलसच्या उत्तरेला. घरात तीन गाड्या. माझी २०१५ची फोररनर, बायकोची कॅमरी आणि १९९४ची एक लाल मियाटा, जिला घरात 'सवत' म्हणतात. ऑइल, ब्रेक, शॉकअप, बुशिंग, सगळं मीच करतो. आत्तापर्यंत फ्लोअर जॅक आणि चार स्टँडवर भागलं. आता पन्नाशी दिसायला लागली आहे. पाठीवर सरपटत आत जायचं, डोळ्यांत माती घ्यायची, मग लक्षात येतं की बारा नंबरचा पाना बाहेरच राहिला. पुरे झालं.

दोन खांबांमध्ये गाडी उचलणारी १०,००० पौंडी टू-पोस्ट लिफ्ट घ्यायची ठरवली. छत १० फूट. डोक्यावर आडवा बीम असलेल्या लिफ्टला साधारण १२ फूट लागतात, ती बाद. म्हणून ९ फुटी खांबांची बेसप्लेटवाली निवडली. तिच्या केबल आणि होज जमिनीवरच्या पत्र्याखालून एका खांबाकडून दुसऱ्याकडे जातात. २४० व्होल्टच्या लाइनसाठी इलेक्ट्रिशियनशी बोलणंही झालं.

मग परवा गॅरेज रिकामं करून झाडलं, तर दाराजवळ कोब्यातच उमटवलेला शिक्का दिसला: हा पोस्ट-टेन्शन (म्हणजे आत ताणलेल्या केबल असलेला) स्लॅब आहे, कापू नका, भोक पाडू नका. इतकी वर्षं मी त्यावर रिसायकलिंगचा डबा ठेवत होतो.

लिफ्ट बसवणारा म्हणतो, "असल्या बऱ्याच घरांत बसवल्यात, काही होत नाही." शेजारी म्हणतो, चार बाय चारचे दोन चौकोन कापून काढ आणि फूटभर खोल नवीन काँक्रीट ओत. बायको म्हणते, घराचं कर्ज अजून फिटायचं आहे, एवढं लक्षात असू दे.

इथे कुणी असल्या कोब्यावर लिफ्ट बसवली आहे का? स्कॅन करून भोकं पाडता येतात असंही ऐकलं. की टू-पोस्टचा नाद सोडू?

बर्फातला_बाप्या

ट्रॉय, मिशिगन. आमच्याकडे हा प्रश्न येत नाही. इथे थंडीमुळे पाया खोल नेतात, घराखाली तळघर आणि गॅरेजचा कोबा साधा, जमिनीवर ओतलेला. माझ्याकडे टू-पोस्ट आहे. बसवण्याआधी खांबाच्या जागीच अर्ध्या इंचाचं भोक आरपार पाडलं, तारेला आकडा करून खालच्या कडेला अडकवला आणि जाडी मोजली. साडेपाच इंच भरली. बहुतेक १०,००० पौंडी लिफ्टना सव्वाचार इंचांच्या आसपास जाडी आणि ३,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ताकदीचं काँक्रीट लागतं, तेव्हा निश्चिंत झालो. अँकर बोल्ट पाऊण इंची. भोकातली धूळ नीट काढा, नाहीतर बोल्ट नुसता फिरत राहतो, टॉर्क धरत नाही. भेग किंवा सांधा जवळ असेल तर ती जागा सोडा.

यातलं तुमच्या उपयोगाचं काहीच नाही म्हणा. शिक्का असेल तर माझ्यासारखं आरपार भोक पाडून बघायला जाऊ नका.

काळी_माती

तेलकट_हात, ड्रिल आधी कपाटात ठेवा, मग वाचा.

मी मूळ नांदेडचा, आता प्लेनोत. घरांचे पाये हाच माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो. वाचायचा कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद बघा.

डॅलस परिसरातली माती म्हणजे आपली मराठवाड्याची काळी मातीच. तोच मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार, पाणी मिळालं की फुगतो, वाळला की आकसतो. मे महिन्यात परभणीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच इथे ऑगस्टमध्ये कुंपणाच्या कडेला पडतात. गावाकडे आपण काय करतो? काळी माती काढून मुरूम भरतो, किंवा खाली फुगा असलेले अंडररीम्ड पाइल घेतो. ती पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (सीबीआरआय) आपल्याकडे बसवून दिली. इथल्या बिल्डरांनी स्वस्त आणि झटपट मार्ग काढला: घर, गॅरेज सगळ्याखाली एकच चार-पाच इंची स्लॅब, त्याला खालून बीमच्या फासळ्या आणि आतून ताणलेल्या केबल. माती वरखाली झाली तरी पाया एकसंध राहावा, एवढाच हेतू. शिवाय उन्हाळ्यात लोक घराच्या कडेने पाझरणारा पाइप टाकून पायाला पाणी देतात. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा ते बघून विचारत होती, "इथं काय लावलंय रे? काही उगवलेलं तर दिसत नाही."

आता केबलबद्दल. अर्ध्या इंचाची, सात तारांची वळलेली, ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेली. काँक्रीटने थोडी ताकद धरली की जॅक लावून एकेक केबल सुमारे ३३,००० पौंडांना, म्हणजे १५ टनांना ताणतात आणि स्लॅबच्या कडेला पाचर बसवून अडकवतात. ताण थोडा उतरतो, तरी १३ टनांच्या आसपास कायमचा राहतो. ग्रीसमुळे केबल काँक्रीटला चिकटलेली नसते. त्यामुळे गॅरेजात एका जागी तुटली की घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीच सैल होते. तुटताना ती कडेतून भाल्यासारखी बाहेर येऊ शकते किंवा वरचं काँक्रीट फोडून उसळू शकते. ड्रिल धरणारा माणूस त्याच वेळी तिथे वाकलेला असतो.

घराला बाहेरून चक्कर मारा. जमिनीच्या जरा वर, स्लॅबच्या कडेला ठरावीक अंतराने सिमेंटने बुजवलेले गोल ठिपके दिसतील. ती केबलची टोकं. समोरासमोरचे ठिपके जोडून आतली केबल कुठे असेल याचा अंदाज बांधावासा वाटतो, पण त्या भरवशावर भोक पाडू नका. संडास-बाथरूमचे पाइप चुकवायला केबल वळवलेल्या असतात.

शेजाऱ्याचा चौकोन विसरा. साध्या कोब्यात तो उपाय उत्तम आहे. दोन चौकोन कापायचे, फूटभर खोल जाऊन सळई बांधायची, आपल्याकडच्या एम २५ दर्जाला जुळेल असं काँक्रीट ओतायचं आणि २८ दिवस वाट बघायची. तुमच्या कोब्यात मात्र चार फुटी चौकोन कापला तर केबल जवळजवळ नक्की तुटणार, कारण दोन केबलमधलं अंतर बहुधा तीन ते पाच फूट असतं आणि त्या आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना असतात.

बसवणारा खोटं बोलत नसेल. केबल इतक्या अंतरावर असताना पाऊण इंची भोक पाडलं तर बहुतेक वेळा ते केबल चुकवूनच जातं. फक्त तुम्ही एक भोक पाडणार नाही, दोन खांबांची मिळून दहा-बारा पाडणार, आणि बसवणारा त्या घरात राहणार नाही.

स्कॅन होतं. जमिनीत बघणारं रडार घेऊन माणूस येतो, गवत कापायच्या यंत्रासारखी गाडी ढकलतो आणि केबल जिथे असेल तिथे खडूने रेघा मारतो. काहीशे डॉलरचं काम आहे. बऱ्याचदा दोन्ही खांबांना बिनकेबलची जागा सापडतेही. पण तेवढ्याने प्रश्न सुटला असं समजू नका. माझी खरी हरकत पुढे आहे.

फोररनरचं वजन धरा ४,७०० पौंड. निम्मं एका खांबावर, २,३५० पौंड. हे वजन खांबावर सरळ उभं येत नाही, हाताच्या टोकावर लटकतं. खांबापासून ते टोक तीन फूट धरलं तर प्रत्येक खांबाला आतल्या बाजूला पाडू बघणारा जोर झाला सुमारे ७,००० फूट-पौंड. त्याला अडवतात बाहेरच्या बाजूचे दोन-तीन बोल्ट, तेही वर खेचले जात असताना. डोक्यावर बीम असलेल्या लिफ्टमध्ये दोन्ही खांब वरून बांधलेले असतात, म्हणून थोडा भार तिकडे वाटला जातो. तुमचं छत १० फूट असल्यामुळे तुम्ही नेमकी बिनबीमची निवडली आहे. म्हणजे पातळ स्लॅब, त्यात केबल, आणि सगळी मदार बोल्टांवर. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये असल्या स्लॅबवर बसवायला सरळ मनाई असते, किंवा इंजिनियरचं पत्र आणा म्हणतात. दुसरा कुणी देईलही, मी माझ्या सहीने तसं पत्र देणार नाही.

तेव्हा टू-पोस्ट हवीच असेल तर मागच्या अंगणात वेगळी शेड, वेगळा पाया. शहराची परवानगी आणि एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) मर्जी दोन्ही लागेल. नाहीतर फोर-पोस्ट. तिच्यात गाडी चाकांवर उभी असते, वजन चार पायांवर सरळ खाली येतं. लिफ्टचं २,००० पौंड धरलं तरी प्रत्येक पायाखाली १,७०० पौंडांच्या आसपास. आत्ता फोररनरच्या एका चाकाखाली १,२०० असतात. घरगुती फोर-पोस्टपैकी कित्येक बोल्ट न मारता उभ्या राहतात. घेण्याआधी मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं आहे ना, एवढं बघा.

डेपो_नंबर_एक

मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त, कोल्हापूरचा. सध्या मुलाकडे अर्व्हिंगला आलोय. मुलाने हा धागा वाचून दाखवला, म्हटलं दोन शब्द लिहू.

आमच्या डेपोत लिफ्ट कसली, खड्डाच. गाडी खड्ड्यावर घ्यायची, खाली उतरायचं, ताठ उभं राहून काम करायचं. उभी हयात त्यात गेली. म्हणून मुलाला म्हटलं, हे लोक एवढा खर्च कशाला करतात, खणा की खड्डा! तर मुलाने गॅरेजात नेलं आणि गॅसचा गिझर दाखवला. जमिनीपासून दीड फूट उंच ओट्यावर बसवलाय. म्हणाला, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचते, म्हणून ज्योत वर ठेवायची असा इथला नियम. मग माझं मलाच उमगलं. आमच्या एस.टी. डिझेलच्या. डिझेलचं एवढं भय नाही. पेट्रोलच्या गाडीखाली बंद गॅरेजात खड्डा म्हणजे वाफेची विहीरच, वर कुणी दिव्याचं बटण दाबलं की संपलं. शिवाय यांच्या त्या केबल. तेव्हा खड्डा नको.

पण एक सांगतो. लिफ्ट कुठलीही घ्या, सवय आमचीच ठेवा. गाडी वीतभर उचलली की थांबायचं, बंपरला धरून गदागदा हलवायची. हलली, कुरकुरली की खाली घ्यायची, परत टेकवायची. वर गेल्यावर लॉकवर बसवल्याशिवाय खाली पाऊल टाकायचं नाही. तेलाच्या दाबावर लटकलेल्या गाडीखाली आमचा फोरमन कुणाला जाऊ देत नसे, साहेब असला तरी.

तेलकट_हात

काळी_माती, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बाहेर जाऊन ठिपके बघितले. गॅरेजच्या बाजूलाच पाच आहेत. बसवणाऱ्याला 'नको' म्हणून कळवलं.

काका, नमस्कार! बंपर हलवायचं लक्षात ठेवतो.

फोर-पोस्टबद्दल माझी कुरकुर एवढीच की चाकं लिफ्टच्या दोन लांब पट्ट्यांवर टेकलेली, मग ब्रेक आणि सस्पेन्शनचं काम कसं करायचं? आणि १० फुटांत दोन गाड्या एकावर एक बसतात का?

केटीची_काकू

बसतात, पण कुठल्या दोन ते बघा. मी ह्यूस्टनजवळ केटीला राहते, आमचाही स्लॅब केबलवालाच, आणि गॅरेजात फोर-पोस्ट आहे. लिफ्टवर गाडी नवऱ्याची, लिफ्टखाली काम माझं. नवऱ्याला गाडी पुसायची आवड आहे.

हिशोब इंचांत करा. छत १२०. मियाटा ४८ इंच उंच, पट्टीची जाडी ५, कॅमरी ५७. झाले ११०. मध्ये आणि वर दोन-दोन इंच सोडले तरी ११४, म्हणजे मियाटा वर, कॅमरी खाली आरामात. फोररनर जवळजवळ ७२ इंची आहे, तिच्यावर मियाटा ठेवायची तर १२९ लागतात, विषय संपला. आणि फोररनर स्वतः वर चढवली तर चाकं फार तर पावणेचार फुटांवर जातील. ताठ उभं राहता येणार नाही, चाकाच्या स्टुलावर बसून काम करायचं. मला तेच बरं वाटतं.

चाकं काढायची तर दोन पट्ट्यांच्या मध्ये सरकणारा ब्रिज जॅक मिळतो. तो पट्ट्यांच्या कडांवर बसतो आणि गाडीचा एक अॅक्सल उचलतो. लिफ्टबरोबरच मागवा, नंतर मागवला तर मापं जुळवत बसावं लागतं. लिफ्टवर ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचं सोनेरी लेबल असलेलीच घ्या. 'त्याच दर्जाची' असं नुसतं लिहिणारे बरेच आहेत. ठिबकणारं तेल झेलायला प्लॅस्टिकचे ट्रे घ्या, नाहीतर मियाटाचं ऑइल कॅमरीच्या काचेवर आणि मग घरात महाभारत.

दाराकडे लक्ष आहे का? तुमचं दार उघडलं की छताला समांतर आत येतं, मोटरही तिथेच लटकते. वरची गाडी नेमकी तिच्यात घुसेल. रूळ उंचावर नेणारं हाय-लिफ्ट किट आणि भिंतीवर दाराच्या शाफ्टला लागणारी मोटर घ्यावी लागते. हे काम मात्र दारांचं काम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. दाराच्या वरची स्प्रिंग ताणलेली असते, ती उलगडताना सळई निसटली तर हात मोडतो. मी गिअरबॉक्स उतरवते, पण त्या स्प्रिंगला हात लावत नाही.

एचओएचं म्हणाल तर आमच्या मंडळींना फक्त रस्त्यावरून काय दिसतं याच्याशी मतलब. विमा कंपनीला मात्र आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

तेलकट_हात

काकू, 'मियाटा वर, कॅमरी खाली' हे बायकोला दाखवलं. सवत डोक्यावर बसवणार का, असं म्हणाली, पण हसून. म्हणजे मंजूर समजतो. टू-पोस्ट रद्द, फोर-पोस्ट नक्की.

दोन गोष्टी राहिल्या. गॅरेजचा कोबा दाराकडे उतरता आहे, लिफ्ट लेव्हलमध्ये कशी आणायची? आणि विक्रेता म्हणतो ट्रक दारापर्यंत येईल पण उतरवून देणार नाही. ७०० किलोच्या वर आहे ते धूड.

काळी_माती

उतार बहुधा फुटाला एक अष्टमांश इंच असतो, पाणी बाहेर जावं म्हणून. १४ फुटांत पावणेदोन इंच. सगळा फरक लिफ्टच्या पायांखाली चकत्या (शिम) घालून काढू नका, मॅन्युअलमध्ये चकत्यांना मर्यादा दिलेली असते. बऱ्याच फोर-पोस्टमध्ये खांबातली लॉकची शिडी वरखाली करता येते आणि लिफ्टच्या केबलची लांबी नटाने जुळवता येते. फरक मुख्यतः तिथेच काढा. चारही लॉक एकाच वेळी 'टक्' वाजले पाहिजेत, मागेपुढे वाजत असतील तर अजून जुळलेलं नाही. आणि लिफ्टचे पाय स्लॅबच्या बाहेरच्या कडेला अगदी चिकटून नकोत, फूटभर आत घ्या.

केटीची_काकू

दारावर मागवू नका. मालवाहू कंपनीच्या डेपोतून स्वतः उचला. तिथे फोर्कलिफ्ट असते, तुमच्या ट्रेलरवर ते ठेवून देतात. ट्रेलर एका दिवसासाठी भाड्याने घ्या, कमी उंचीचा, गाडी वाहून नेण्याचा. घरी आल्यावर ट्रेलर गॅरेजात उलटा लावायचा आणि बांधलेला गठ्ठा सोडून एकेक तुकडा उतरवायचा. सगळ्यात जड त्या दोन लांब पट्ट्या, त्यांना चार माणसं किंवा इंजिन उचलायचा क्रेन लागतो. माणसं जमवायची असतील तर शनिवारी सकाळी मिसळीचं आमंत्रण द्या, पण मिसळ काम झाल्यावर वाढा. आणि हायड्रॉलिक ऑइल बहुतेक वेळा बरोबर येत नाही, मॅन्युअलमध्ये कुठलं आणि किती लागतं ते बघून आदल्या दिवशीच आणून ठेवा.

डेपो_नंबर_एक

शनिवारचं फ्रिस्कोला मुलगा सोडेल म्हणतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. पाने मी माझे आणतो.